यूझरनेमऐवजी ई-मेलने लॉगिन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोसायटीचं मेंटेनन्स अ‍ॅप असो, दादरच्या एखाद्या क्लासचं पोर्टल असो किंवा गिरगावातल्या पतपेढीची सभासद-नोंदणी असो, काम हातात घेतलं की लगेच हा विषय निघतो: लॉगिनला यूझरनेम ठेवायचं की ई-मेल? अशी कामं करणाऱ्या मुंबईतल्या मराठी डेव्हलपरांना पुन्हा पुन्हा पडणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. भर जँगोवर, म्हणजे पायथॉन भाषेतल्या वेब फ्रेमवर्कवर आहे, कारण या बाबतीत सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच होतो. सेटिंग आणि क्लासची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत; कोडमध्ये ती रोमन लिपीत लिहायची.

यूझरनेम मुळात काढायचंच कशाला?

कारण ते लोकांच्या लक्षात राहत नाही. 'पाटील' किंवा 'सचिन' हे यूझरनेम पहिल्याच दिवशी कुणीतरी घेतलेलं असतं. मग मागे जन्मसाल लागतं, अंडरस्कोर लागतो, आणि सहा महिन्यांनी त्या माणसाला यातलं काहीच आठवत नाही. मराठी नावांचं रोमन स्पेलिंग हा आणखी एक घोळ. अश्विनीत 'व्ही' की 'डब्ल्यू', दीक्षितमध्ये दोन 'ई' की एक 'आय', हे ज्याचं त्याने ठरवलेलं असतं आणि नोंदणी करून देणाऱ्या माणसाने वेगळंच टाकलेलं असतं.

शिवाय पासवर्ड विसरल्यावर लिंक पाठवायला ई-मेल लागतोच. तो घ्यायचाच आहे, तर लॉगिनही त्यानेच करू द्यावं. माणसाच्या डोक्यावरचं एक ओझं तरी कमी होतं.

म्हणजे प्रत्येक अ‍ॅपला हेच योग्य?

नाही, आणि हा प्रश्न कोड लिहिण्याआधी विचारायला हवा. सोसायटीतल्या ज्येष्ठ सभासदांकडे बघा. त्यांच्या फोनवर जो ई-मेल आहे तो अनेकदा मोबाइलच्या दुकानदाराने फोन विकताना काढून दिलेला असतो. त्याचा पासवर्ड त्यांना माहीत नसतो आणि तो उघडून बघण्याची कधी वेळही आलेली नसते. कुठे आजी-आजोबा दोघं मिळून मुलाचाच ई-मेल वापरतात. अशा ठिकाणी 'एक ई-मेल, एक खातं' असा नियम लावला की दुसऱ्या सभासदाची नोंदणीच अडते. त्यांना मोबाइल नंबर पाठ असतो, तिथे नंबर आणि ओटीपी जास्त सोयीचा. मात्र नंबरही कायमचा नसतो. बंद केलेला नंबर किमान ९० दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो. नंबर बदलण्याची सोय तिथेही लागतेच.

वापरणारी शाळकरी मुलं असतील तर आणखी सावध राहा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या व्यक्तीला बालक धरलं आहे आणि तिची माहिती हाताळण्यासाठी पालकांची पडताळता येण्याजोगी संमती मागितली आहे. मुलांचे ई-मेल गोळा करण्यापेक्षा खातं पालकांच्या नावे ठेवणं केव्हाही बरं.

आणि जिथे लोक एकमेकांना दिसतात, म्हणजे प्रतिक्रिया, गुणतक्ता, सभासद यादी, तिथे दाखवायचं नाव वेगळं ठेवा. लॉगिनचा ई-मेल दुसऱ्या सभासदाच्या स्क्रीनवर कधीही दिसता कामा नये.

जँगोमध्ये नवा प्रोजेक्ट सुरू करतोय. नेमकं काय करू?

पहिलं 'मायग्रेट' (डेटाबेसची टेबलं बनवणारी आज्ञा) चालवण्याआधी स्वतःचं यूझर मॉडेल (खात्यात कोणती माहिती साठवायची ते सांगणारा क्लास) बनवा. हे वाक्य मी प्रत्येक नव्या सहकाऱ्याला सांगते. आज यूझरनेमच ठेवायचं असेल, तरीही स्वतःचं मॉडेल करून ठेवा. उद्या बदलायचं झालं तर तो बदल साध्या मायग्रेशनने होईल. ही सोय जँगो १.५ पासून, म्हणजे २०१३ पासून आहे.

रस्ते दोन आहेत. 'अ‍ॅबस्ट्रॅक्टयूझर' घेतलात तर नाव, आडनाव, परवानग्या, अ‍ॅडमिनमधला प्रवेश हे सगळं तयार मिळतं. त्यात 'यूझरनेम' फील्डला 'नन' द्यायचं (म्हणजे ते काढून टाकायचं), 'ईमेल' फील्ड 'युनिक' (एकच ई-मेल दोन खात्यांना न चालणारं) म्हणून नव्याने लिहायचं, 'यूझरनेम_फील्ड' मध्ये 'ईमेल' द्यायचं आणि 'रिक्वायर्ड_फील्ड्स' ची यादी रिकामी ठेवायची. दुसरा रस्ता 'अ‍ॅबस्ट्रॅक्टबेसयूझर' चा. त्यात पासवर्ड आणि शेवटचं लॉगिन एवढंच मिळतं, बाकी सगळं आपण लिहायचं. बहुतेक कामांना पहिला रस्ता पुरतो. पूर्ण नाव एकाच फील्डमध्ये हवं असेल किंवा परवानग्यांची रचनाच निराळी असेल तर दुसरा घ्यावा.

यात चार गोष्टी नेहमी राहून जातात.

पहिली, मॅनेजर, म्हणजे नवी खाती तयार करणारा क्लास. मूळचं 'क्रिएट_यूझर' यूझरनेम मागतं, म्हणून ते आणि 'क्रिएट_सुपरयूझर' दोन्ही पुन्हा लिहावी लागतात. दुसरी, 'ईमेल' हे 'रिक्वायर्ड_फील्ड्स' मध्येही टाकणं. जँगो लगेच 'ऑथ ई००२' ही चूक दाखवतं. तिसरी, अ‍ॅडमिन. तयार 'यूझरअ‍ॅडमिन' मध्ये यादीचे रकाने, क्रम आणि फॉर्मची मांडणी या सगळ्यांत 'यूझरनेम' लिहिलेलं आहे. ते सगळीकडून बदलावं लागतं. चौथी, नोंदणीचा फॉर्म. 'यूझरक्रिएशनफॉर्म' मूळच्या मॉडेलला बांधलेला आहे, त्याचा 'मेटा' आपल्या मॉडेलकडे वळवावा लागतो.

लॉगिनचा फॉर्म मात्र बदलावा लागत नाही. त्यातल्या फील्डचं नाव 'यूझरनेम' असंच राहतं, फक्त लेबल आपल्या मॉडेलमधून येतं. टेस्ट लिहिताना 'ईमेल' या नावाने डेटा पाठवला आणि लॉगिन होत नाही म्हणून तासभर शोधत बसले, असं पुष्कळांचं होतं. पाठवायचं 'यूझरनेम' म्हणूनच, त्यातली किंमत ई-मेलची.

प्रोजेक्ट चालू आहे, मूळचं यूझर टेबल भरलेलं आहे. आता बदलता येईल का?

येईल, पण आधी मॉडेल बदलण्याची खरंच गरज आहे का ते बघा. लोकांना ई-मेलने आत येता यावं एवढंच हवं असेल, तर स्वतःचं ऑथेंटिकेशन बॅकएंड (लॉगिन तपासणारा कोड) लिहिणं पुरतं: ई-मेलवरून यूझर शोधायचा, पासवर्ड तपासायचा, 'ऑथेंटिकेशन_बॅकएंड्स' मध्ये ते नोंदवायचं. टेबलाला हात लावावा लागत नाही.

काही जण यूझरनेमच्या रकान्यातच ई-मेल भरतात. तो मार्ग मला पसंत नाही. तिथली मर्यादा १५० अक्षरांची आहे, ई-मेल फील्डची २५४. त्याहून वाईट म्हणजे तोच ई-मेल दोन रकान्यांत राहतो आणि कधीतरी एकच बदलला जातो.

मॉडेल बदलायचंच ठरलं, तर आधी डेटा साफ करा. मूळच्या जँगो मॉडेलमध्ये ई-मेल रिकामा चालतो आणि एकच ई-मेल दहा खात्यांनाही चालतो. त्यामुळे 'युनिक' लावायला गेलात की मायग्रेशन तिथेच कोसळतं. लहान अक्षरांत बदललेल्या ई-मेलवर गट पाडून, एकाहून जास्त वेळा येणारे पत्ते काढा; रिकामे वेगळे काढा. सोसायटीच्या डेटामध्ये हमखास दिसतं ते असं की सेक्रेटरींचा ई-मेल बऱ्याच फ्लॅटना लावलेला असतो, कारण नोंदणीच्या वेळी सभासदांनी ई-मेल दिला नव्हता आणि फॉर्म तर पुढे न्यायचा होता. अशी खाती स्क्रिप्टने एकत्र करू नका. प्रत्येक खात्याला पावत्या, तक्रारी, थकबाकी जोडलेली असते. यादी छापा, सेक्रेटरींच्या हातात द्या आणि सभासदांकडून खरे ई-मेल येईपर्यंत थांबा. यात दोन-तीन आठवडे गेले तरी चालतील.

नंतरचा तांत्रिक भाग. स्वतःचा नवा 'यूझर' क्लास 'अ‍ॅबस्ट्रॅक्टयूझर' वरून घ्या, त्यात अजून एकही बदल करू नका आणि 'डीबी_टेबल' मध्ये जुन्याच टेबलाचं नाव द्या. क्लासचं नाव 'यूझर' असंच ठेवायला कारण आहे: ग्रुप आणि परवानग्यांच्या जोडटेबलांतला रकाना क्लासच्या नावावरून ठरतो, नाव तेच राहिलं तर तीही टेबलं जशीच्या तशी चालतात. पुढची अडचण मायग्रेशनच्या इतिहासाची. अ‍ॅडमिनचं मायग्रेशन यूझर मॉडेलवर अवलंबून असतं आणि ते आधीच झालेलं असतं, तर नव्या अ‍ॅपचं पहिलं मायग्रेशन झालेलंच नसतं. त्यामुळे जँगो इतिहास विसंगत असल्याचं सांगून थांबतं. म्हणून ते पहिलं मायग्रेशन झालं असल्याची नोंद इतिहासाच्या टेबलात हाताने करावी लागते आणि 'कंटेंट टाइप' मधल्या यूझरच्या नोंदीचं अ‍ॅपही बदलावं लागतं. हे सगळं स्थिर झाल्यावरच यूझरनेम काढण्याचं आणि ई-मेल 'युनिक' करण्याचं मायग्रेशन लिहा. आधी बॅकअप, मग खऱ्या डेटाच्या प्रतीवर पूर्ण तालीम, मगच सर्व्हर.

ई-मेलमधली लहान-मोठी अक्षरं एकच धरायची का?

हो. कागदावर नियम वेगळा आहे. आरएफसी ५३२१ या ई-मेलच्या मानकाप्रमाणे '@' च्या डावीकडचा भाग अक्षरांच्या लहान-मोठेपणाला धरून वाचायचा असतो. प्रत्यक्षात नेहमीच्या सेवा असा भेद करत नाहीत. उलट फोनचा कीबोर्ड वाक्याचं पहिलं अक्षर आपोआप मोठं करतो, म्हणून माणूस एकदा मोठ्या 'एस' ने नोंदणी करतो आणि पुढच्या वेळी छोट्या 'एस' ने आत यायला बघतो.

इथे जँगोचं 'नॉर्मलाइज_ईमेल' पुरेसं आहे असा समज सर्रास आढळतो. ते फक्त '@' च्या उजवीकडचा भाग लहान करतं. डावीकडचा भाग आपल्यालाच लहान करून साठवावा लागतो. त्यावर डेटाबेसचा पहारा हवा: जँगो ४.० पासून 'युनिककन्स्ट्रेंट' मध्ये 'लोअर' (लहान अक्षरांत बदलून तुलना) वापरता येतं. मात्र ते लावलं म्हणून फील्डवरचं 'युनिक' काढू नका; काढलंत तर जँगोच्या तपासणीला लॉगिनचं फील्ड एकमेव वाटत नाही आणि 'ऑथ ई००३' येतं.

मायएसक्यूएलची नेहमीची तुलना अक्षरांचा भेद करत नाही, पोस्टग्रेस करतं, एसक्यूलाइटचा 'युनिक' ही करतो. डेव्हलपमेंटला एक आणि सर्व्हरवर दुसरा डेटाबेस असेल, तर ही चूक तुमच्या मशीनवर कधीच दिसणार नाही.

अक्षरांची तुलना हा सुरक्षेचाही विषय आहे. डिसेंबर २०१९ मध्ये जँगोने ३.०.१, २.२.९ आणि १.११.२७ या आवृत्त्या घाईने काढल्या, त्या यासाठीच. पासवर्ड रीसेटचा फॉर्म अक्षरभेद न करता ई-मेल शोधायचा आणि लिंक मात्र फॉर्ममध्ये टाइप केलेल्या पत्त्यावर पाठवायचा. काही युनिकोड अक्षरं, उदाहरणार्थ तुर्की भाषेतला बिनटिंबाचा 'आय', रूपांतरानंतर साध्या अक्षरासारखीच ठरतात. त्यामुळे दुसऱ्याच्या खात्याची लिंक स्वतःच्या पत्त्यावर मागवणं शक्य होतं. आता लिंक डेटाबेसमध्ये साठवलेल्या पत्त्यावरच जाते. तुम्ही स्वतःचा रीसेट फॉर्म लिहिला असेल तर आज तेवढं तपासून घ्या.

जीमेलमधले डॉट आणि 'प्लस' काढून टाकावेत का?

नको. जीमेल डॉटकडे दुर्लक्ष करतं, पण दुसरी सेवा करेलच असं नाही. लोकांनी दिला तसा पत्ता ठेवा.

ई-मेलची पडताळणी केलीच पाहिजे का? लोक लिंक दाबत नाहीत.

केलीच पाहिजे. एक अक्षर चुकलं की एका माणसाच्या पावत्या, पत्ता, थकबाकी भलत्याच्याच इनबॉक्समध्ये जाते आणि ज्याची माहिती गेली त्याला ते कळतही नाही.

दुसरा धोका कमी लोकांना माहीत आहे. कुणीतरी तुमचा ई-मेल वापरून आधीच खातं उघडून ठेवतो, पासवर्ड त्याचा. काही महिन्यांनी तुम्ही 'गूगलने लॉगिन' दाबता. अ‍ॅप म्हणतं, या ई-मेलचं खातं आहेच, आणि तुम्हाला त्या खात्यात नेऊन सोडतं. आता तुमची माहिती आणि त्याचा पासवर्ड एकाच खात्यावर आहेत. म्हणून दोन्ही बाजूंनी पडताळलेला असल्याशिवाय ई-मेलवरून खाती जोडू नयेत.

लोक लिंक दाबत नाहीत ही तक्रार खरी आहे. लिंकऐवजी सहा आकडी कोड पाठवा. ओटीपी टाकायची सवय सगळ्यांना आहे. मजकूर मराठीत ठेवा, पहिल्याच ओळीत सोसायटीचं किंवा क्लासचं नाव येऊ द्या.

ई-मेल बदलला तर?

बदलणारच, म्हणून या प्रश्नाला मी सगळ्यात जास्त महत्त्व देते. चाळीचा पुनर्विकास होतो, माणूस दोन वर्षं भाड्याच्या घरात राहतो, मग टॉवरमध्ये परत येतो. पत्ता दोनदा बदलतो, सभासद तोच असतो. ई-मेलचंही तसंच आहे. नोकरी सुटली की ऑफिसचा ई-मेल जातो. गूगलने २०२३ मध्ये धोरण बदललं, तेव्हापासून दोन वर्षं न वापरलेलं वैयक्तिक खातं काढून टाकलं जाऊ शकतं. याहूने तर २०१३ मध्ये न वापरलेले आयडी नव्या लोकांना देऊ केले होते, म्हणजे जुन्या मालकाच्या रीसेट लिंक नव्या मालकाकडे जाण्याचा मार्गच खुला झाला.

त्यामुळे दोन नियम पक्के ठेवा. ई-मेल ही प्रायमरी की (टेबलातल्या नोंदीची कायमची ओळख) नको आणि दुसऱ्या कुठल्याही टेबलात जोडणीसाठीही नको. तिथे कधीही न बदलणारा आकडा किंवा यूयूआयडी (आपोआप तयार होणारी एकमेव ओळख) हवा. आणि ई-मेल बदलण्याचं पान पहिल्या आवृत्तीपासून हवं.

त्या पानाची रीत अशी: आधी चालू पासवर्ड विचारायचा. नव्या पत्त्यावर लिंक पाठवायची. जुन्या पत्त्यावर 'बदलाची विनंती आली आहे, तुम्ही केली नसेल तर इथे कळवा' असा निरोप पाठवायचा. लिंक दाबेपर्यंत जुनाच ई-मेल चालू ठेवायचा. जँगो ३.१ पासून रीसेटच्या टोकनमध्ये (लिंकमधल्या गुप्त कोडमध्ये) ई-मेलही मिसळलेला असतो, म्हणून ई-मेल बदलला की आधी पाठवलेल्या रीसेट लिंक आपोआप निकामी होतात. चालू सेशन (आधीच झालेली लॉगिन) मात्र तसेच राहतात, कारण ते पासवर्डशी बांधलेले असतात. ते बंद करायचे तर वेगळा कोड लिहावा लागतो.

जुना ई-मेल आता उघडतच नाही असं सभासद म्हणतात. मग?

ही कामं सॉफ्टवेअरने नाही, माणसाने करायची. सोसायटी असेल तर सेक्रेटरींनी समोर बसून ओळख पटवावी आणि ई-मेल बदलावा. कुणी, कधी, कुणाच्या सांगण्यावरून बदलला याची नोंद आपोआप व्हायला हवी. फक्त फोनवर सांगितलं म्हणून बदलू नये.

'हा ई-मेल नोंदलेला नाही' असा संदेश द्यावा का?

लॉगिनच्या पानावर देऊ नये. 'ई-मेल किंवा पासवर्ड चुकीचा आहे' एवढंच म्हणावं. यूझरनेमपेक्षा ई-मेलच्या बाबतीत हे जास्त गंभीर आहे, कारण यूझरनेम तुमच्या अ‍ॅपपुरतं असतं आणि ई-मेल सगळीकडे तोच असतो. कर्जाच्या किंवा मानसिक आरोग्याच्या अ‍ॅपवर अमुक व्यक्तीचं खातं आहे, हे कळणं हीच मोठी गळती आहे.

शब्द सारखे ठेवले तरी वेळ बोलतो. खातं सापडलं तर पासवर्डचं हॅशिंग (साठवलेल्या रूपाशी ताडण्यासाठीचं मुद्दाम संथ ठेवलेलं गणित) होतं आणि उत्तर उशिरा येतं. न सापडल्यास चटकन येतं. जँगोचं मूळ बॅकएंड खातं नसलं तरी एकदा हॅशिंग करतं, ते याचसाठी. स्वतःचं बॅकएंड लिहिताना ही ओळ हटकून गळते. रीसेटच्या पानावरही खातं असो-नसो संदेश एकच ठेवा आणि ई-मेल पाठवण्याचं काम रांगेत टाका. नोंदणीच्या पानावर 'हा ई-मेल आधीच वापरात आहे' असं दाखवलंत तर बाकीची मेहनत वाया जाते. तिथेही 'तुमच्या ई-मेलवर पुढची सूचना पाठवली आहे' म्हणावं आणि खातं असेल तर त्या ई-मेलमध्येच तसं सांगावं.

प्रयत्नांवर मर्यादा हवीच. मात्र मुंबईत एका ऑफिसचं किंवा कॉलेजचं सगळं वाय-फाय एकाच आयपीवरून येतं, म्हणून फक्त आयपी बघून अडवू नका. ई-मेल आणि आयपी दोन्ही मोजा.

यूझरनेम आणि ई-मेल दोन्ही चालू द्यावेत का?

देता येतं. वर्डप्रेसने ४.५ आवृत्तीपासून, २०१६ मध्ये, असंच केलं. पण जँगोच्या मूळ नियमांत यूझरनेममध्ये '@' आणि टिंब चालतात. म्हणजे एखादा माणूस दुसऱ्याचा ई-मेल हेच आपलं यूझरनेम म्हणून घेऊ शकतो. 'यूझरनेम किंवा ई-मेल जुळला तर' असा शोध घेणारं बॅकएंड मग दोन खाती सापडल्याने कोसळतं, किंवा पहिलं सापडेल ते धरतं आणि खरा मालक बाहेर राहतो. दोन्ही चालू ठेवायचे तर यूझरनेममध्ये '@' ला बंदी घाला.

जँगो सोडून इतर फ्रेमवर्कचं काय?

लाराव्हेलच्या तयार यूझर टेबलात ई-मेल 'युनिक' असतो आणि लॉगिनही त्यानेच होतं. रेल्सवरच्या डिव्हाइज या लॉगिनच्या लायब्ररीचंही तेच. त्यात लहान-मोठी अक्षरं आणि मागेपुढे राहिलेल्या मोकळ्या जागा सांभाळायच्या सेटिंग आहेत, आणि 'पॅरानॉइड' सुरू केलं की खातं आहे की नाही ते बाहेर सांगितलं जात नाही.

स्प्रिंग सिक्युरिटीत 'लोडयूझरबाययूझरनेम' हे फक्त मेथडचं नाव आहे. आत ई-मेलने शोधा आणि फॉर्ममधलं फील्डचं नाव 'यूझरनेमपॅरामीटर' ने बदला.

एएसपी डॉट नेट आयडेंटिटीत जरा थांबून बघा. तयार टेम्प्लेट ई-मेलच यूझरनेमच्या जागी भरतं. ई-मेल बदलणारा कोड तुम्ही स्वतः लिहिलात आणि यूझरनेम तसंच राहिलं, तर माणसाला जुन्याच ई-मेलने आत यावं लागतं. शिवाय 'रिक्वायरयुनिकईमेल' मुळात बंद असतं. ते सुरू करा.

फॉर्ममध्ये काय बघावं?

इनपुटचा प्रकार 'ईमेल' ठेवा, म्हणजे फोनवर '@' समोर येतं. 'ऑटोकम्प्लीट' ला मात्र 'यूझरनेम' द्या, कारण पासवर्ड मॅनेजर लॉगिनचं फील्ड त्यावरून ओळखतात. पेस्ट करणं कधीही अडवू नका.

देवनागरी ई-मेल पत्ता चालेल का?

अशा पत्त्यांची मानकं २०१२ पासून आहेत आणि 'डॉट भारत' डोमेन २०१४ पासून मिळतं. पण जँगोची ई-मेल तपासणी '@' च्या डावीकडे देवनागरी अक्षरं स्वीकारत नाही आणि ब्राउझरचं 'ईमेल' इनपुटही नाही. द्यायचंच असेल तर इनपुट साध्या 'टेक्स्ट' प्रकाराचं ठेवा, स्वतःची तपासणी लिहा, साठवण्याआधी युनिकोडचं एकच रूप करून घ्या आणि तुमची ई-मेल पाठवणारी सेवा असा पत्ता स्वीकारते का ते प्रत्यक्ष पाठवून बघा. मराठी पोर्टलवर मराठी पत्ता चालावा असं मला मनापासून वाटतं, म्हणून हे काम हाती घेणाऱ्यांनी नोंदणीपासून रीसेटपर्यंतची प्रत्येक पायरी अशा पत्त्याने करून पाहावी. कोणत्या तरी एका पायरीवर तो अडतोच, आणि ती पायरी सहसा ई-मेल पाठवण्याची असते.